अळ्यांना अत्तर चालत नाही

आमच्या लॅबमधून पेपर निघाले मोजके, किस्से मात्र पोत्यानं. पेपर पाठवला की महिनोन्‌महिने वाट बघायची, मग तो परत येणार आणि वर म्हणणार, 'अजून प्रयोग करा.' किश्शाला अशी काही कटकट नाही. चहाच्या गाड्यावर कुणी तरी 'ए, ते आठवतंय का?' म्हणायचा अवकाश, की एक किस्सा उठतो आणि मागून त्याची अख्खी भावकी!

आमचं काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर 'पण तुम्ही किडे कशाला पाळत होतात?' असं मधेच विचाराल. रेशीमअळीला मेलेल्या जंतूंत बुडवलेली बारीक सुई टोचली, की तिच्या रक्तात प्रथिनांचे छोटे छोटे तुकडे तयार होतात. त्यांना म्हणायचं पेप्टाइड. अळीला ते जंतूंपासून वाचवतात. आमच्या साळवे मॅडमना प्रश्न पडला होता, की हेच पेप्टाइड आपल्या रोगप्रतिकारक पेशींना शांत करतील का? कारण या पेशी चिडल्या की सूज येते, सांधे ठणकतात. म्हणून आम्ही बशीत पेशी वाढवायचो, त्यांना मुद्दाम चिडवायचो, मग पेप्टाइड द्यायचो आणि त्यांच्या तोंडाकडं बघत बसायचो.

मॅडमच्या हाताखाली आम्ही तिघं पीएच.डी.वाले. सिल्लोडचा इम्रान, देवगाव रंगारीचा गजानन आणि मी.

* * *

रेशीमअळी म्हणजे लई नाजूक प्रकरण. वास अजिबात सहन नाही. ज्याची अळ्यांना पाला घालायची पाळी, त्यानं सेंट मारायचा नाही, पावडर लावायची नाही, वासाचं तेल नाही, तंबाखूचं तर नावच नको. मॅडम दारात उभ्या राहून हुंगून आत सोडायच्या. खरंच!

एकदा इम्रानची पाळी नेमकी ईदला आली. गजानन म्हणाला, "मी येतो, तू घरी थांब." पण इम्रानला आपल्या अळ्यांवर दुसऱ्याचा भरवसा नाही. सकाळी नमाज झाली, घरात सगळे अत्तर लावतायत आणि हा बाजूला उभा.

अब्बा म्हणाले, "ईद के दिन अत्तर नै लगाया? क्या हुआ तेरेकू?"

"अब्बा, लॅब में कीडे हैं. उनकू बास नै चलती."

अब्बांचा कापसाचा धंदा. किड्यांचं नाव काढलं तरी त्यांचं डोकं फिरायचं. जन्मभर बोंडअळीला शिव्या दिलेला माणूस! ते तडक गाडीत बसले आणि शीरखुर्म्याचा डबा घेऊन पोराच्या मागं थेट लॅबवर आले. बघतात तर नवा कुर्ता घातलेला लेक बाह्या वर करून तुतीची पानं कातरतोय.

मी म्हटलं, "या ना अब्बा, आत या." त्यांनी एक पाऊल टाकलं, स्वतःच्या बाहीचा वास घेतला आणि मागं सरकले.

"नक्को बेटा. मैं लगाको आया." मग खिडकीतनं अळ्यांच्या ट्रेकडं बघून हात वर केला. "यहींसे बोल देतूं. ईद मुबारक!"

* * *

गजाननच्या घरची मेंढरं. वडील गेल्यावर मायनंच कळप सांभाळला. मेंढरांमागं चालून चालून तिचे गुडघे असे सुजलेले, की उठताना जमिनीला हात टेकायला लागायचा. दवाखान्याला शहरात आली, की ती भाकरी आणि ठेचा घेऊन लॅबवर यायचीच.

एकदा गजाननानं तिला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. ती कितीतरी वेळ डोळा लावून बसली.

"ही मेंढरं बिथरल्याली हाईत रं. लांडगा आलता का?"

तिच्या दोन वाक्यांत आमचं अर्धं सेमिनार झालं! चिडलेल्या पेशी खरंच अशाच हातपाय पसरून विस्कटतात. गजानन म्हणाला, "व्हय माय. लांडगा नाय आणला, नुसता त्याचा वास दिलाय." मग पेप्टाइड दिलेली दुसरी बशी लावली. तिथं पेशी गोल गोल होऊन निवांत.

"ह्या बसल्या की गुमान! कशानं?"

"आमच्या दवाईनं."

म्हातारीचा चेहरा असा काही खुलला म्हणता! दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून तिनं विचारलं, "मंग माजं गुडघं कवा बसायचं गुमान?"

एरवी बोलायला लागला की ज्याला आवरावं लागायचं, तो गजानन बशी पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "व्हईल माय. जरा दम धर."

ती जिना उतरून गेली आणि मॅडम त्याच्यावर उखडल्या. "अरे, हे औषध नाही अजून! बशीतल्या पेशी आहेत या. तिला सांगून टाक."

"सांगतो मॅडम."

पण सांगायचं कसं? दर रविवारी तिचा फोन यायचा, "झाली का रं दवाई?" आणि गडी फोन घेऊन पार कॉरिडॉरच्या टोकाला जायचा.

* * *

दुष्काळाची सालं होती. काल जिथं ज्वारी डुलायची तिथं आज रो-हाऊस, अशी शहराची वाढ. आणि नळाला पाणी कधी? तर येईल तेव्हा! विभागाच्या टाकीत टँकर पडायचा, पण ते पाणी फक्त प्रयोगाला वापरायचं असा वरून हुकूम.

आता आमचं डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बघा. बाटलीभर शुद्ध पाणी काढायचं तर वाफ गार करायला बादल्यांनी पाणी फिरवायचं आणि ते तसंच मोरीत. मॅडमना ते बघवेना. त्यांनी मोरीत जाणारी नळी काढून बादलीत सोडली. "झाला प्रयोग. आता हे पाणी ज्याला हवं त्यानं न्यावं."

झालं! सकाळी यंत्र चालू झालं की आमच्या दाराशी रांग. शिपाई, क्लार्क, समोरच्या विभागातले प्राध्यापक, सगळे डबे-कॅन घेऊन हजर. ज्यांनी आमच्या किड्यांच्या वासाची तक्रार केली होती, तेही!

एके दिवशी आमच्याकडं शुद्ध पाणी भरपूर होतं, म्हणून यंत्र बंद ठेवलं. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख रिकामा कॅन घेऊन आले, बंद यंत्राकडं बघितलं आणि कळवळून म्हणाले, "अहो, असं कसं चालेल? संशोधनात खंड पडता कामा नये!"

* * *

त्याच दिवसांत आमची तुती वाळली. अळ्या तर दुसरं काही तोंडात धरत नाहीत. इम्राननं शोध लावला, की नव्या कॉलनीत एका बंगल्यासमोर तुतीचं झाड आहे. आम्ही पिशव्या घेऊन गेलो. फांदी वाकवली तोच आतनं आवाज, "ए! कोण रे ते?"

ते पाठक काका. बँकेतनं रिटायर झालेले. आम्ही सगळं समजावून सांगितलं. किडे, पेप्टाइड, सूज, सांधे. 'सांधे' म्हटल्यावर काकांनी गेटच उघडलं! "माझेही दुखतात हो. न्या, हवी तेवढी न्या." पुढं स्वतःच फोन करायला लागले, "कोवळी पालवी आलीय, या."

एक दिवस काका स्वतः स्कूटरवर लॅबमध्ये. पिशवीत पानं निवडलेली, पुसलेली, एकावर एक रचलेली. विड्याची पानं झक मारतील अशी! काका खुशीत म्हणाले, "बघा, एका पानाला भोक नाही. किडे लागू नयेत म्हणून परवाच मस्त फवारा मारून घेतला!"

आम्ही तिघं एकमेकांकडं बघतोय. गजाननानं हळूच पिशवी काढून घेतली. "काका... आम्ही किड्यांनाच घालतो हो ही."

काका स्टुलावर बसलेच. पाणी दिलं तरी घेईनात. "मी मारली असती की रे तुमची पोरं!" एवढंच परत परत. शेवटी मॅडमनी चहा पाजून त्यांना घरी पाठवलं.

पुढं कॉलनीत डासांची धुराची गाडी आली, तर काका गेटबाहेर हात आडवे करून उभे! "इथं धूर नको. माझ्याकडं किडे जेवतात!"

* * *

पेशी चिडल्यात की शांत झाल्यात, हे आम्ही रंगावरनं ओळखायचो. एक द्रावण घालायचं. पेशी चिडलेल्या असल्या की गुलाबी होतं, शांत असल्या की फिक्कं राहतं. म्हणजे आमच्याकडं गुलाबी रंग म्हणजे अपशकुनच! रीडिंगच्या दिवशी गुलाबी काही घालून यायचं नाही, असा आम्ही पोरांनी नियम केला. इम्रान तर त्या दिवशी गुलाबी खडूसुद्धा लपवायचा.

मॅडमना हे कळलं. बाबासाहेबांच्या विचारांत वाढलेली बाई ती! त्यांच्यासमोर शकुन-अपशकुन? "विज्ञान शिकता की काय करता रे?" म्हणाल्या. आणि गजाननच्या सगळ्यात मोठ्या रीडिंगला मुद्दाम गुलाबी साडी नेसून आल्या. नुसती गुलाबी नाही, राणी गुलाबी!

गजाननचा चेहरा उतरला. त्याची पीएच.डी. या रीडिंगवर. आधी एकदा आलेला निकाल परत यायला हवा होता. द्रावण घातलं. नुसत्या चिडवलेल्या पेशी गुलाबी झाल्या. पेप्टाइडवाल्या मात्र फिक्क्या राहिल्या, पाण्यासारख्या! गजानन ओरडलाच. इम्राननं त्याला उचललं. मॅडम पदर खोचत म्हणाल्या, "बघितलंत? कपड्याच्या रंगाचा आणि पेशींचा काडीचा संबंध नाही!"

पुढच्या रीडिंगच्या आदल्या दिवशी गजानन त्यांच्या केबिनच्या दारात घुटमळत उभा.

"काय रे?"

"मॅडम... उद्या तीच गुलाबी साडी नेसाल का?"

* * *

आणि मग गजाननचा व्हायवा.

देवगावहून जीपभर माणसं आली. फेटे, नऊवारी, कडेवर लेकरं. लिफ्ट बंद होती. इम्रान आणि मी दोन्हीकडनं धरून मायला वर आणलं. एकेका पायरीवर थांबत, पण तोंडावर हसू. जिन्यातच माझ्या कानाला लागली, "आज दवाईवर शिक्का बसणार नव्हं?" मी नुसती तिची पिशवी या हातातनं त्या हातात घेतली.

गजानन इंग्रजीत फाडफाड बोलला. तक्ते, आलेख, पेशींचे फोटो. गावकऱ्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण प्रत्येक स्लाइडला माना डोलत होत्या. बाहेरून आलेले परीक्षक मोठे भले गृहस्थ. पुढच्या रांगेतले फेटे बघून त्यांना वाटलं, यांनाही काही समजावं. म्हणाले, "शेवटचा प्रश्न मी मराठीतच विचारतो. हे औषध माणसांना कधी मिळेल?"

इम्राननं माझा हात घट्ट दाबला. मॅडम खाली मान घालून बसल्या.

गजाननानं पाण्याचा घोट घेतला. परीक्षकांकडं बघितलं, मग मायकडं.

"सर, सांगता येत नाही. अजून फक्त बशीतल्या पेशींवर झालंय. पुढं जनावरांवर करायचं, मग माणसांवर. लई वर्षं जातील. कदाचित माणसापर्यंत पोचणारही नाही." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "माय, तुझ्या गुडघ्यांना हे नाय मिळायचं. मला सांगायचा धीरच व्हत नव्हता."

लेकराला थोपटणारा हातसुद्धा थांबला. माय त्याच्याकडं बघत राहिली. किती वर्षं वाट बघितली होती तिनं! माझ्या डोळ्यांतनं तर घळाघळा पाणी.

मग तिनं विचारलं, "मंग फोनवर सूज उतरली म्हनालास, ती कुनाची?"

"पेशींची, माय."

"कुनाच्या?"

गजाननला सांगायचीही लाज वाटली. "उंदराच्या."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. माय समोरच्या खुर्चीला धरून उठायला लागली. आम्ही धावलो, पण तिनं हातानंच मागं सारलं आणि आपली आपण उभी राहिली.

"पर उतरली नव्हं?"

"उतरली."

"मंग रडायलास कशाला येड्यावानी? उंदराला काय दुखत नसंल व्हय?"

आणि परीक्षकांकडं वळून म्हणाली, "हां साहेब, इचारा पुढलं."