रिव्हर्स न येणारा मालक

दुसऱ्यांच्या गाड्या चालवताना मला एक गोष्ट पक्की कळली होती, ती म्हणजे गाडीतलं मालकाला काही कळत नाही. ऐकणारा भेटेल त्या प्रत्येक ढाब्यावर मी हे सांगत असे. एक दिवस मी स्वतः मालक होईन आणि माझंच म्हणणं खरं करून दाखवीन, हे तेवढं सुचलं नव्हतं.

मी नंदुरबारजवळच्या रनाळ्याचा. ऐन उमेदीची वर्षं दहाचाकी ट्रकवर गेली. मिरची, मका, कापसाच्या गाठी, जे मिळेल ते भरून सुरतेपासून नागपूरपर्यंत नेलं. चाळिशी जवळ आली तसं वाटायला लागलं की आता स्टेअरिंग आपलं असावं. पैशांचं कसं जमलं ते सांगत बसत नाही. सगळ्यांचं जसं जमतं तसंच, थोडं बँकेकडून आणि थोडं बायकोच्या अंगावरून.

खांडबाऱ्याजवळ एका म्हाताऱ्या मालकाची गाडी विकायला आहे असं कळलं. गाडी म्हणजे ट्रेलर. पुढे इंजिन आणि केबिनचा भाग, ज्याला आमच्या धंद्यात घोडा म्हणतात, आणि मागे त्याला जोडलेला लांबलचक सपाट ट्रेलर. मी ट्रेलर कधीच चालवला नव्हता. पण बारा गावचं पाणी प्यायलेल्या ड्रायव्हरला ही काय मोठी गोष्ट, असं मी बायकोला सांगितलं. तिने विचारलं, दहाचाकीसारखाच चालतो का? मी म्हणालो, पुढे जाताना अगदी तसाच. मागे जातानाचं तिने विचारलं नाही आणि मीही विषय वाढवला नाही.

आम्ही दोघं मोटरसायकलवर गेलो. म्हातारबाबा अंगणात खाटेवर बसले होते. उंच, ताठ, पांढरीशुभ्र टोपी. साऱ्या आयुष्यात गाडी एकट्याने चालवली, ड्रायव्हर ठेवला नाही, असा माणूस. मी गाडीची तपासणी सुरू केली. टायरांवर पाना आपटला, ऑइलची कांडी काढून बोटाला लावली, वास घेतला, डोळे बारीक करून इंजिनाचा आवाज ऐकला. या सगळ्यातून मला काय कळलं ते मला आजही सांगता येणार नाही, पण बायको बघत होती.

बाबांनी विचारलं, ट्रेलर चालवला आहे का? मी सांगितलं की मी लहानपणापासून गाडीवरच आहे. हे उत्तर नव्हतं, पण त्यांनी पुढे खोदलं नाही. म्हणाले, एक चक्कर मारून इथेच आणून लावा. मी गाडी रस्त्यावर काढली. सरळ चालवताना ती लोण्यासारखी पळाली. पण परत आणून अंगणात लावायची म्हणजे मागे घ्यायची. मी आरशात पाहिलं, मागचा लांब ट्रेलर पाहिला, आणि तसाच पुढे गेलो. दूर एका मोकळ्या मैदानात मोठा वळसा घेऊन परत आलो आणि गाडी रस्त्याकडेलाच उभी केली. बाबांना म्हणालो, गाडी इतकी छान चालते की थांबवावीशीच वाटली नाही. त्यांनी मान हलवली.

चहा घेताना सौदा झाला. बाबांची एकच अट होती, की पहिल्या खेपेला ते सोबत येणार. गाडीला नवा हात कळेपर्यंत, असं म्हणाले. मी जरा आढेवेढे घेतले, मालकाने घ्यावेत तेवढे. आतून मात्र मला हायसं वाटलं. मागे घ्यायची वेळ आली की स्टेअरिंग मानाने त्यांच्याकडे द्यायचं, असा बेत मी तिथल्या तिथे ठरवून टाकला.

परतताना बायको म्हणाली, बाबांनी कप उचलायला हात नेला तो कपाच्या शेजारी गेला. मी म्हणालो, वय झालं की हात कापतात. गाडीची पारख करून आलेल्या माणसाला असल्या बारीकसारीक गोष्टीत लक्ष घालायला वेळ नव्हता.

पहिली खेप सुरतेकडून लोखंडी सळयांची मिळाली. उतरवायच्या होत्या नंदुरबारमध्येच, एका व्यापाऱ्याच्या गोदामात. भरायची जागा मोकळी होती, पुढून आत आणि पुढून बाहेर, त्यामुळे माझी अब्रू शाबूत राहिली. येताना सोनगडच्या अलीकडे जेवायला थांबलो. ढाब्यावरच्या सगळ्यांनी उठून बाबांना रामराम केला, आणि शेवटी ड्रायव्हर ठेवलात ते बरं केलंत, असं माझ्याकडे बघून म्हणाले. बाबा भाकरी मोडत राहिले. मीही तेच केलं. मालक आहे हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं म्हणजे विचित्रच, शिवाय माझ्या तोंडात भाकरी होती.

गोदामाचं फाटक उजव्या हाताला, रस्त्याला काटकोनात होतं. आत वळायला जागा नव्हती, गाडी मागेच घ्यायला लागणार होती. मी फाटक ओलांडून गाडी पुढे उभी केली आणि खास ठेवणीतल्या आवाजात बाबांना म्हणालो, तुमच्या हाताची गाडी आहे, पहिल्यांदा तुम्हीच लावा, मान तुमचा. बाबा म्हणाले, छे, आता मालक तुम्ही, मान तुमचा. मी म्हणालो, वडीलधारे तुम्ही. ते म्हणाले, गाडी तुमच्या नावावर. मागे एसटी येऊन थांबली. तिच्यामागे रिक्षा, मग उसाचा ट्रॅक्टर. हॉर्न वाजायला लागले आणि आम्ही दोघं केबिनमध्ये लग्नातल्या व्याह्यांसारखे एकमेकांना पुढे करत बसलो.

शेवटी मीच रिव्हर्स टाकला. ट्रेलरचं शेपूट उजवीकडे जावं म्हणून मी स्टेअरिंग उजवीकडे वळवलं. शेपूट डावीकडे गेलं. मी घाईने आणखी उजवीकडे वळवलं, ते आणखी डावीकडे गेलं. पलीकडच्या चहावाल्याने पेटता स्टोव्ह उचलला आणि दुकानाच्या आत नेला. घोडा एकीकडे, ट्रेलर दुसरीकडे, मध्ये बंद रस्ता, अशी गाडी आडवी झाली. मी ब्रेक दाबून धरला.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणालो, "माले मांगे लेता येत नही."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "माले मांगलं दखात नही."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. समोरचा रस्ता दिसतो, गाड्या दिसतात. पण आरशात बघितलं की सगळं धुक्यासारखं. दोनदा कुणाच्या तरी कुंपणाला धडकले, तेव्हा गाडी विकायची ठरवली. घरी डोळ्यांचं बोलले नाहीत, कंटाळा आला असं सांगितलं. मला सांगितलं नाही, कारण मी इतका जाणकार दिसत होतो की माझ्यापुढे बोलायची लाज वाटली.

मागून एसटीचा कंडक्टर उतरून आला आणि आमच्या आयाबहिणींची विचारपूस करू लागला. बाबांनी मला बाजूला व्हायची खूण केली.

"सरक. तुन्हा डोया, मन्हा हात."

ते स्टेअरिंगवर बसले. मी उतरून त्यांच्या बाजूच्या पायरीवर उभा राहिलो, एका हाताने दांडी धरून, तोंड मागे करून. मी ओरडायला लागलो, डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या. त्यांनी मला गप्प केलं. डावं-उजवं सांगू नकोस म्हणाले, फक्त काय दिसतं ते सांग. मग मी सांगत गेलो. फाटकाचा खांब. खांबापासून ट्रेलर दोन हात. आता एक हात. भिंत. भिंतीशी कुत्रं झोपलंय. त्यांनी विचारलं, उठलं का? उठलं म्हणून सांगितलं, मग गाडी हलली. त्यांचे हात स्टेअरिंगवर इतके थोडे फिरत होते की मला वाटलं काही होतच नाहीये. आणि तो लांबलचक ट्रेलर फाटकातून आत गेला.

गोदामाचा मालक बाहेर आला. बाबांच्या हातात हात देऊन म्हणाला, गाडी जुनीच आहे, पण क्लीनर चांगला भेटलाय तुम्हाला, बरोबर सांगतो. मी पायरीवरून उतरलो आणि शहाण्या क्लीनरसारखा ट्रेलरचे दोर सोडायला गेलो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. माझ्या रिव्हर्सवर ती हसली, आणि पोटभर हसली. बाबांच्या डोळ्यांचं ऐकून मात्र हसली नाही. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतः खांडबाऱ्याला गेली, त्यांच्या सुनेशी बोलली, आणि दोघींनी मिळून त्यांना चिंचपाड्याला दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू होता. तो पिकायची वाट बघत बसायला नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन होईपर्यंत बाबा माझ्यासोबत येत राहिले. कापणी झालेल्या मोकळ्या शेतात मला ट्रेलर मागे घ्यायला लावायचे आणि स्वतः बांधावर बसायचे. नीट दिसत तर नव्हतं, पण चाकांच्या आवाजावरून मी चुकलो की ओरडायचे. ते बरेच ओरडायचे.

डोळ्यांची पट्टी निघाल्यावर ते पहिल्यांदा गाडीपाशी आले तेव्हा मी दार उघडून त्यांना स्टेअरिंगवर बसवलं. म्हटलं, आता तुम्हीच घ्या मागे, बघू दे मला. त्यांनी मांड ठोकली, आरसा स्वतःकडे वळवला आणि त्यात बघत राहिले.

"हाऊ धल्ला कोन शे?" आरशातल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी मला विचारलं.

किती वर्षांनी त्यांनी स्वतःचा चेहरा नीट पाहिला असेल कोण जाणे. त्यांनी आरसा परत मागे वळवला, गाडी एकदाच, सरळ, ओळीत मागे घेतली, उतरले आणि किल्ली माझ्या हातात दिली. त्यानंतर ते गाडीवर आले नाहीत. शेतीत लक्ष घालतात, नातवंडांना शाळेत सोडतात, दिसायला लागल्यापासून घरच्यांना जास्तच त्रास देतात असं त्यांची सून म्हणते.

मला आता रिव्हर्स येतो, म्हणजे दुसऱ्या झटक्यात येतो, आणि बघणारं कुणी नसेल तर पहिल्यातही. मागच्या महिन्यात बायको माहेरच्या लग्नाला धुळ्याला निघाली तेव्हा गाडीतच बसून आली. कोंडाईबारीच्या घाटात भरलेली गाडी चढत होती आणि बाबांचा फोन आला. बायकोने उचलला, स्पीकरवर ठेवला. माल काय भरलाय, कुठे चाललात, असं विचारता विचारता ते मध्येच थांबले. त्यांना फोनमधून इंजिनाचा आवाज येत होता.

"खालना गेरमा टाक," ते म्हणाले.

मी सांगितलं की टाकलेलाच आहे. बायकोने माझ्या हाताकडे पाहिलं. मी गिअर खाली घेतला.