शांताआत्याचं निळं पाणी

शांताआत्या गेल्याचा निरोप समोरच्या वाण्याच्या फोनवर आला. मी घाटकोपरला पोचले तेव्हा तिची खोली बायकांनी भरली होती, आणि जी ती एकच गोष्ट सांगत होती... निळ्या पाण्याची. महिना झाला, तरी ती माझ्याही मनातून जात नाही.

आत्या बालवाडीत खिचडी शिजवायची. शिक्षण चौथीपर्यंत, पण 'का' विचारायची खोड जबर. एका वर्षी आमच्या टेकडीवरच्या वस्तीत कावीळ पसरली. माझा धाकटा भाऊ अनिल पिवळा पडला. सगळ्यांसारखी त्याच्याही गळ्यात काविळीची माळ घातली. तो उठला. शेजारची मंगल मात्र गेली... सातवा महिना होता तिला. लोक म्हणाले, नशीब. आत्याला ते पटेना. एकाच वस्तीत अर्धी घरं आजारी आणि अर्धी धडधाकट, हे कसं? ती दारोदार एवढंच विचारत फिरली, पाणी कुठल्या नळाचं भरता. आजारी घरं जवळजवळ सगळी खालच्या नळाची निघाली.

त्या नळाचा पाइप संडासामागच्या गटारातून यायचा. एका दुपारी, पाणी गेल्यावर, आत्याने बादलीभर नीळ कालवून त्या गटारात ओतली. मी सोबत होते. काय होईल विचारलं, तर म्हणाली, मला तरी कुठं ठाऊक.

सकाळी पाणी आलं आणि पहिल्याच हंड्यात निळी झाक उतरली. आत्याला नीळ ओतताना कोणीतरी पाहिलं होतं; बायका खवळल्या. मंगलची सासू पुढे होऊन म्हणाली, "शांताबाई, पाणी नासवलंत तुम्ही."

"मी नाही नासवलं," आत्या हळू म्हणाली. "रोज असंच येतं. आज दिसलं, एवढंच."

सासूने हंड्यावर वाकून पुन्हा पाहिलं. मग तिनेच ते पाणी बाटलीत भरलं आणि दोघी पाणीखात्याच्या ऑफिसात गेल्या. साहेबाने दोनदा परत पाठवलं; तिसऱ्यांदा सोबत वस्तीतल्या वीसेक बायका होत्या. पाइप उकरला तेव्हा सांध्यापाशी बोट जाईल एवढं भोक निघालं. नवा पाइप गटारापासून दूर, उंचावरून नेला. कावीळ ओसरली. कोणी कौतुक केलं की आत्या उठून कामाला लागायची. एकदाच मला म्हणाली, "हे मंगल असताना सुचायला हवं होतं गं..."

मी आता मुलुंडला राहते. सकाळी नळ आला की पहिला पेला उजेडात धरून बघते. पाणी स्वच्छच दिसतं. तरी मी ते गॅसवर ठेवते, आणि उकळी फुटेपर्यंत आत्या माझ्या शेजारी उभी असते.