फुटलेलं मत

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कदाचित तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही, म्हणून.

गेल्या रविवारी जपानमधल्या कावासाकीच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी मुलगी इरा शाळेचा धडा वाचत होती — भारतातल्या निवडणुकांचे प्रकार. आई व्हिसावर तीन महिन्यांसाठी आलेली, शेजारी कोथिंबीर निवडत होती. मी शहाणपणा शिकवत होतो : राज्यसभेला आमदाराला आपलं मत पक्षाच्या माणसाला दाखवावं लागतं, आपल्याला मात्र आडोसा असतो. आडोसा म्हणताना जीभ अडखळली.

लोकसभेला माझ्या मताचं मला कधी ओझं वाटलं नाही. समुद्रात तांब्याभर पाणी. विधानसभेलाही तेच. ग्रामपंचायतीचं तसं नसतं — वॉर्ड म्हणजे चार आळ्या, आणि कुणाचं मत कुठे गेलं याचा हिशेब संध्याकाळच्या आत पारावर लागतो.

इथल्या त्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी गावाकडे आमच्या वॉर्डाची जागा महिलांसाठी राखीव झाली आणि आई उभी राहिली. बाबा गेल्यापासून मान खाली घालून वावरणारी आई — ती दारोदार फिरली, 'कपबशी लक्षात ठेवा' म्हणत. इकडे बायकोला सातवा महिना. धक्के अजून थांबले नव्हते. कपाटाचं दार किरकिरलं तरी ती टेबलाखाली शिरायची. तिला आई हवी होती, मलाही. आईने साफ सांगितलं होतं — निवडून आले तर गाव सोडणार नाही, पडले तर येते.

माझं नाव अजून गावच्या यादीत होतं. मी खास मतदानाला गेलो. गावाला केवढं कौतुक! आईने ओवाळलं. मग त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी कपबशीकडे पाहत उभा राहिलो. बराच वेळ उभा होतो — की आता तसं वाटून घेतोय? मी छत्रीचं बटण दाबलं. आईच्या विरोधात.

एका मताने काय होतंय, असं म्हटलं असेन का मनाशी? म्हटलंच असेन. मतं समसमान पडली. अशा वेळी चिठ्ठी काढतात. एका लहान मुलीला बरणीत हात घालायला लावला. छत्री निघाली.

नशीब म्हणून आई गप्प बसली असती. पण भावकीतली मतं तिने बोटांवर मोजलेली होती. घरातलंच एक फुटलं, हे तिला कळलं. समोरची उमेदवार माझ्या काकूची मामेबहीण — झालं! काकूने देव्हाऱ्यासमोर शपथ घेतली, हमसून रडली. मी तिथेच बॅग भरत होतो. एका चुलीवर वर्षानुवर्षं भाकऱ्या थापलेल्या त्या दोघी जावा, पुन्हा एकमेकींशी बोलल्या नाहीत. आई इकडे आली, बाळंतपण निगुतीने केलं. मला हवं ते मिळालं.

काकू मागच्या वर्षी गेली. आई गावातच होती, पण तेराव्यालाही गेली नाही. तेव्हापासून इथे जमीन जराशी हलली, की मला आधी काकूचं रडणं ऐकू येतं. इरा पलीकडच्या खोलीत आहे, हे नंतर आठवतं. मला त्याची भीती वाटते.

तर रविवारी इराने पुस्तकातून डोकं वर काढलं. "आजी, तू पण उभी होतीस ना? मग हरलीस कशी?"

"तुझ्या चुलत आजीनं पाडलं," आई म्हणाली. "वर गेल्यावर विचारणार आहे तिला — का गं केलंस असं?"

"आणि बाबा, तू कुणाला व्होट केलंस?"

"मत गुप्त असतं, बाळा," मी म्हणालो.

आई हसली. "त्याला काय विचारतेस? एवढ्या लांबून माझ्यासाठी आला होता तो."

मी कोथिंबिरीच्या काड्या गोळा केल्या आणि जाळायच्या कचऱ्याच्या वेगळ्या पिशवीत टाकल्या.