लसूण आणि पळीभर तेल
आज सकाळी बायको खलबत्त्यात लसूण ठेचायला लागली आणि त्या वासासरशी मी अमळनेरच्या दवाखान्यातल्या बाकावर जाऊन बसलो. वडिलांचं कोलेस्टेरॉल वाढलं होतं. गोळी नको म्हणून ते अडून बसले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, तेल कमी करा, लसूण खा, हिवाळा सरला की परत तपासू. वडिलांनी त्यातला लसूण तेवढा ऐकला. हिवाळाभर त्यांनी एक दिवस चुकवला नाही, शेजाऱ्यांनाही नादी लावलं. रिपोर्टच्या दिवशी तर घरात दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखी धांदल होती. आईनं देवापुढे साखर ठेवली. वडील इस्त्रीचा शर्ट घालून मोटरसायकलवर माझ्यामागे बसले आणि वाटभर सांगत राहिले, "देखजो, आकडा खाले उतरना व्हई." दवाखान्यात मी पाकीट उघडलं. आकडा वाढला होता. डॉक्टरांनी विचारलं, "लसूण खाता कसा?" वडील ताठ होऊन म्हणाले, "ठेचा करीसन. भाकरीसंगे, वर पळीभर तेल." डॉक्टरांनी हसू दाबत गोळी लिहून दिली. परतताना गाव जवळ आलं तसे वडील म्हणाले, "तेलशिवाय लसूण घशाखाले उतरस का?" आता रिपोर्ट माझ्या नावाचा आहे, गोळीही चालू आहे. बायकोनं ठेचा ताटात वाढला आणि माझा हात आपोआप तेलाच्या बरणीकडे गेला.