गच्चीवरून अर्धं मैदान

दूध उतू जायच्या बेतात होतं, उन्मेष स्वतःच्या डोक्यावरचा चष्मा घरभर शोधत होता, आणि मी एका हातानं गॅस बारीक करत दुसऱ्या हातानं त्याचा डबा बांधत होते. तेवढ्यात दारावर टकटक झाली. दाराला बेल असताना कडी वाजवणारा माणूस आमच्याकडे एकच येतो.

"बळीराम असेल," उन्मेष म्हणाला. "टाकी धुवायला."

"शुक्रवारीच धुतली ना?"

"मग आज पुसायला आला असेल."

दार उघडलं तर खरंच बळीराम. खांद्याला पाना-पकडीची पिशवी, कानाला मफलर, तोंडावर कामाला आलेल्या माणसाचा गंभीर भाव.

"ताई, टाकीचा व्हॉल पाहाचा होता. मागच्या वेळी ढिला वाटला मले."

व्हॉल्व्ह ढिला नव्हता. ते मलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. पण मी बाजूला झाले आणि तो चपला हातात घेऊन जिना चढून गेला.

आमचं घर विद्यापीठाच्या मैदानाला लागून आहे. मध्ये फक्त एक भिंत आणि बोळ. एरवी या मैदानावर सकाळी फिरणारी मंडळी, पळणारी कॉलेजची मुलं आणि भिंतीवर वाळत घातलेले टॉवेल एवढंच असायचं. या हिवाळ्यात मात्र समुद्रकाठच्या एका शहरातला व्यावसायिक फुटबॉल क्लब इथे मुक्कामाला आला. त्यांच्या स्वतःच्या मैदानाची दुरुस्ती निघाली, म्हणून एका हंगामापुरतं हे मैदान त्यांनी विद्यापीठाबरोबर वाटून घेतलं. सकाळ क्लबची, संध्याकाळ कॉलेजची. सामन्याच्या दिवशी विद्यापीठाच्या नावाच्या पाटीवर क्लबच्या नावाचं मोठं कापड चढायचं आणि दुसऱ्या दिवशी उतरायचं. पाहुण्यांसाठी चादर बदलावी तसं. फिरणाऱ्या मंडळींनी कुरकुर केली, मग त्यांनी बागेची वाट धरली.

क्लब आला आणि आमची टाकी एकाएकी आजारी पडू लागली. कधी गाळ, कधी शेवाळ, कधी झाकण नीट बसत नाही. बळीराम आठवड्यातून दोनदा यायचा, आणि यायचा तो सकाळीच. पैसे विचारले तर म्हणायचा, "आता काय त्याचे घ्याचे. नुसतं पाहून चाललो." शेजारच्या इंदुताईंच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. कपडे वाळत घालता घालता त्यांनी एकदा विचारलंच, "काय वं मधुवंती, तुमच्याकडे टाकी आहे का देवीचं कुंड? माझा नळ महिन्यापासून गळून राहिला, त्याले काही हा माणूस हात लावत नाही."

व्हॉल्व्हच्या त्या सकाळी चहाचा कप घेऊन मी वर गेले. टाकीचं झाकण बंद होतं, पिशवीची चेन बंद होती. रंगाची रिकामी बादली उलटी घालून बळीराम तिच्यावर बसला होता, टाकीच्या सावलीत, कठड्यावर हनुवटी ठेवून. खाली सराव चालला होता. मी आल्याचं त्याला कळलं, पण तो उठला नाही. काही वेळानं त्यानं नुसतं बोट केलं.

"तो. पिवळ्या बनियनमधला, डावीकडचा. माहा पोरगा आहे."

चहा निवाला तरी तो बोलत होता.

बळीराम नागपूरजवळच्या कामठीचा. वडील पॉवरलूमवर, तोही तरुणपणी लूमवरच. लूम बंद पडला तेव्हा नळफिटिंग शिकला, उन्हाळ्यात कुलर दुरुस्त करू लागला. कामठीत फुटबॉल म्हणजे घरातली गोष्ट. दर मोहल्ल्याची टीम, दर टीमचं भांडण. त्याचा मोठा भाऊ देवाजी त्यातलाच, नामी खेळाडू. त्याला खांद्यावर घेऊन मिरवणूक निघालेली बळीरामनं पाहिली होती. मग गुडघा गेला. खांद्यावर घेणारे आपापल्या कामाला लागले, आणि देवाजी पानठेल्याच्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या खेळाच्या गोष्टी सांगू लागला. तो वारल्यावरही तो बाक त्याच्या नावानंच ओळखला जायचा.

"म्हणून मी पोराले म्हटलं, तू खेळ, पण हाताले काम पाहिजे. कोराडीच्या पॉवर स्टेशनमध्ये अप्रेंटिससाठी खटपट केली. चार लोकांच्या पाया पडलो. मुलाखतीच्या दिवशी शर्टाले इस्त्री करून देल्ली याच्या मायनं. अन् हा तो शर्ट घालून निघाला, तं कोराडीले नाही, इथं आला. याच मैदानात. निवड होती म्हणे."

बळीरामला कुणीतरी फोन करून सांगितलं. तो शेअर ऑटोनं आला, तडक मैदानात शिरला आणि खेळ चालू असताना पोराला दंडाला धरून बाहेर काढलं. सगळ्यांसमोर त्याचे बूट उतरवले. तिथेच म्हणाला, या मैदानात मी पुन्हा पाय ठेवणार नाही आणि तू माझ्या घरात ठेवू नको.

"रागात माणूस बोलते ना ताई. पण तोही माहाच पोरगा. त्यानं ऐकलं."

मुलाचं नाव प्रेमानंद. निवड त्याची झालीच, बाप निघून गेल्यावर परत आत जाऊन अनवाणी खेळलेल्या पंधरा मिनिटांवर. मग कुठलीशी अकादमी, मग हा क्लब. फोन यायचा तो आईला, प्रेमिलाला. बळीराम शेजारी बसून ऐकायचा आणि फोन ठेवला की विचारायचा, "काय म्हणे?" ती म्हणायची, "तुमाले काय करायचं आहे?" मग दोघं जेवायला बसायचे. सहा-सात वर्षं हे असंच. आणि आता अख्खा देश सोडून तो क्लब नेमका याच मैदानावर आला होता. मुलगा हॉटेलात राहायचा, घर शेअर ऑटोच्या अंतरावर, आणि बाप आमच्या टाकीशी.

"गच्ची काही मैदानात येत नाही," बळीराम म्हणाला. शब्द मोडलेला नाही, हे त्याला मला पटवायचं होतं.

त्यानंतर मी टाकीबद्दल विचारणं सोडून दिलं. तो आला की दार उघडायचं, थोड्या वेळानं चहा पाठवायचा. बादलीवर मी एक जुनं आसन टाकलं. त्यानं ते पाहिलं आणि जाताना घडी करून टाकीखाली ठेवून गेला.

मार्च लागला. ऊन तापलं, बाजारात कुलरला लावायच्या वाळ्याच्या ताट्या आल्या. बळीरामसाठी हेच कमाईचे दिवस; सगळ्या नागपूरला एकाच आठवड्यात कुलर चालू करून हवे असतात. तरीही मंगळवार-शुक्रवार चुकला नाही. मग पेपरात आलं की क्लबचं मैदान तयार झालं आहे, इथला शेवटचा सामना रविवारी.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी भिंतीपलीकडून एक चेंडू उंच उडाला आणि आमच्या गच्चीवर धप्पकन पडला. चेंडू नेहमीच यायचे. क्लबचा एक माणूस येऊन घेऊन जायचा. या वेळी दार उघडलं तर घामानं निथळलेला, पिवळ्या बनियनमधला मुलगा उभा. बापाचाच जबडा, बापासारखंच बेल सोडून कडी वाजवणं.

"सॉरी काकू, माझ्याच पायानं आला."

"ये. प्रेमानंद ना तू?"

तो जरा चपापला. मी त्याला वर नेलं. चेंडू टाकीला टेकून पडला होता. उचलायला वाकला आणि तसाच थांबला. टाकीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, बळीराम, नळ टाकी कुलर, आणि खाली मोबाइल नंबर. त्यानं विचारलं, "हे केव्हा येतात?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी."

"आठवड्यात दोनदा टाकी धुता तुम्ही?"

"आम्ही नाही धूत. तेच धुतात."

तो हसला, पण अर्धवटच. टाकीखालची आसनाची घडी आणि शेजारची उलटी बादली त्याला दिसली. तिच्यावर तो बसला, बरोबर बापासारखा, हनुवटी कठड्यावर. मग डावीकडे वाकून पाहिलं, पुन्हा सरळ झाला.

"इथून डावा कोपरा दिसत नाही. कडुनिंब आडवा येते."

"हो."

"अन् मी तं तिकडंच खेळून राहिलो चार महिन्यांपासून."

"बोलावू का त्यांना? फोन करते."

"नका करू काकू. ते शब्द मोडणार नाहीत."

"आणि तू?"

"मी त्यांचाच पोरगा ना," तो म्हणाला आणि उठला. जाताना जिन्यातून परत वळला, पाणी मागितलं. फ्रिजमधलं देत होते तर म्हणाला, "नळाचं चालते." घटाघटा प्यायला. वरून आणलेला चेंडू मात्र आमच्या अंगणातच राहिला. विसरला की ठेवला, मला सांगता येणार नाही.

शुक्रवारी बळीराम आला. चहा घेऊन मी सोबतच वर गेले. सराव संपला, सगळे खेळाडू सावलीला जाऊन बसले. एकटा प्रेमानंद चेंडूंची जाळी ओढत उजव्या कोपऱ्यात आला, अगदी आमच्या समोर, आणि तिथून गोलपोस्टाकडे एकेक चेंडू मारू लागला.

"आज इकडं काहून आला गा हा?" बळीराम स्वतःशीच म्हणाला. त्याचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला.

मुलगा मारत राहिला. काही आत गेले, काही बाहेर. शेवटचा मारून झाल्यावर त्यानं बनियननं तोंड पुसलं आणि सरळ मान वर करून आमच्या गच्चीकडे पाहिलं.

बळीराम उठला, बादली कलंडली, आणि तो चटकन टाकीच्या मागे गेला. पिकल्या मिशांचा माणूस, लपंडाव खेळावा तसा.

"पाहून राहिला का अजून?" मागून आवाज आला.

"पाहतोय."

"आता?"

"आता जाळी ओढत चालला."

तरी तो लगेच बाहेर आला नाही. आला तेव्हा चेहऱ्यावर टाकीचं पाणी मारलेलं होतं. मग मी त्याला बुधवारचं सगळं सांगितलं, चेंडूपासून पाण्याच्या ग्लासापर्यंत.

"काय म्हणे?" त्यानं विचारलं. प्रेमिलाला विचारत असेल तसंच.

"म्हणाला, इथून डावा कोपरा दिसत नाही."

बळीरामनं बादली सरळ केली, पण बसला नाही. कडुनिंबाकडे पाहत राहिला.

"मले वाटे, दिसते तेवढंच पुष्कळ आहे." मग म्हणाला, "रविवारचे दोन पास धाडले त्यानं. एक मायचा. दुसरा कोणाचा म्हणून तिनं विचारलं, तं म्हणे, तू पाह्य."

"मग जा ना. तुमच्यासाठीच पाठवला आहे."

"तसं तो म्हणाला नाही ना ताई. अन् मी तिथून त्याले कसा काढला होता, ते त्याले आठवत असन. मले तं रोज आठवते. मी आत येऊन बसलो अन् त्याचा खेळ बिघडला तं?"

खाली माळ्यानं पाण्याचा पाइप गवतावर सोडला होता. मैदान रिकामं झालं होतं. बळीरामनं पिशवी खांद्याला लावली, आसनाची घडी टाकीखाली ठेवली आणि जिन्याशी जाऊन थांबला.

"त्याचा बॉल आहे ना तुमच्या अंगणात?"

"आहे."

"तो न्यायले येईन तो. आला तं त्याले एवढं विचारजा ताई, रविवारी मी आत आलो तं चालन का."