दोन जागी एकच धान

वस्तू जपावी कशी हे माझ्या मोठ्या साडूंकडून शिकावं आणि गमवावी कशी हेही त्यांच्याकडूनच, असं मी अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात कुठंही उभं राहून सांगायला तयार आहे. ते आमगावला राहतात, शाळेतून गुरुजी म्हणून निवृत्त झालेत, आणि त्यांच्या जगण्याचा नियम एकच आहे: एक वस्तू, एक जागा. घरात दोन घड्याळं झाली तेव्हा त्यांनी एक शेजाऱ्याला देऊन टाकलं. "दोन घड्याळं असली का वेळ नक्की किती, हे कोणालेच समजत नाही जी," म्हणाले. माझ्या बायकोने त्यांच्या कपाटाची जोडकिल्ली करून दिली, तर नवी नीट लागते याची खात्री करून त्यांनी जुनी विहिरीत टाकली. नवी आठ दिवसांत हरवली. कुलूप फोडावं लागलं, पण नियम फुटला नाही.

या माणसाला तिरोड्याला आमच्या सासुरवाडीत खुर्ची मिळते आणि मला बाज. मी बाजारात पोतं अंथरून बियाणं विकायला सुरुवात केली आणि गोंदियाला लागून कुडव्याला स्वतःचं कृषी केंद्र उभं केलं, पण माझं दुकान काय म्हणते हे सासऱ्यांनी कधी विचारलं नाही. "गुरुजी, तुमचं धानाचं काम कुठवर आलं?" हे मात्र ताट वाढण्याआधी विचारतात. त्यांचा कॉम्प्युटरसुद्धा मीच घेऊन दिला. दुकानदाराशी दोन तास घासाघीस केली, तिसऱ्यांदा पायरी उतरलो तेव्हा तो मागून धावत आला, आणि भाव पाडून वर दोन कव्हरं फुकट घेतली. साडूभाऊंनी एक कव्हर परत केलं. शाबासकीचा शब्द नाही. ते मी विसरलेलो नाही.

धानाचं काम म्हणजे काय, तर बारा वर्षं हा माणूस सायकलने गावोगाव फिरला. लुचई, चिन्नोर, दुबराज, असली भाताची जुनी वाणं ज्या म्हाताऱ्यांनी पेरली होती त्यांच्याजवळ बसायचं, ते सांगतील ते लिहून घ्यायचं, लोंबीचा फोटो काढायचा आणि खाली सांगणाऱ्याचं नाव टाकायचं. त्यातले कितीतरी म्हातारे आता नाहीत. हे सगळं त्यांनी दोन बोटांनी कॉम्प्युटरवर चढवलं आणि चढवून होताच वह्या रद्दीत घातल्या. नियम!

त्यांच्या शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क उडाली आणि पोरीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले, तेव्हा मलाच धडकी भरली. नागपूरला कंपनीत नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, क्लाउडवर ठेवायला सांगा मावसाजींना. इंटरनेटवरून दुसरीकडे जाऊन राहते सगळं." दुसरीकडे म्हणजे कुठं? तिलाही नक्की माहीत नव्हतं. भाडं किती? इतक्या जागेला काहीच नाही, म्हणाली. इथं माझं डोकं फिरलं. ज्याचा भाव करता येत नाही, अशी वस्तू मी आयुष्यात घेतलेली नाही. गोदाम कुठं ते माहीत नाही, चौकीदार कोण ते माहीत नाही, आणि वर फुकट!

आमगावला नेट रांगायचं म्हणून साडूभाऊ कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन रेल्वेने गोंदियाला आले. माझ्या घरी दोन दिवस राहिले. पहिला तास पासवर्डमध्ये गेला, कारण खालच्या चौकटीत तोच पासवर्ड परत लिहायला ते तयार होईनात.

"आत्ताच तं सांगतलं त्याले. परत कायले विचारते?"

"खात्री करून राहिला तो, गुरुजी."

"म्हणजे माह्यावर भरोसा नाही. अन् मी माहा बारा वर्षांचा माल त्याच्या घरी ठेवू?"

शेवटी खालच्या चौकटीत तो पासवर्ड मी लिहिला, त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग मुलीने फोनवर सांगितल्याप्रमाणे एक नवं फोल्डर तयार झालं, त्यात सगळं टाकलं, आणि आम्ही दोघं पडद्यासमोर बसून राहिलो. लाइट जायचा, यायचा. "का चढून राहिलं?" ते विचारायचे. "चढून राहिलं," मी म्हणायचो. काय चढतंय, कुठं चढतंय, हे दोघांनाही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यावर हिरव्या खुणा आल्या आणि आम्ही चहा घेतला.

आठवड्याने त्यांचा फोन. आवाज खोल गेलेला.

"भाऊ, तिथंही काही नाही जी."

"तिथंही म्हणजे?"

"इथलं मी झाडून टाकलं ना."

"काऊन झाडलं?"

"खळ्यावरचं धान कोठीत भरलं का खळ्यावर कोणी ठेवते का? झाडून मोकळं करते. एकच धान दोन जागी राहीन कसं?"

मी फोनवर इतका ओरडलो की गिऱ्हाईक फवारणीचं औषध न घेताच निघून गेलं. मग मुलीला फोन लावला. ती म्हणाली, ते फोल्डर आणि तिथलं फोल्डर एकमेकांना बांधलेली असतात, इथं जे कराल ते तिथं होते. आता हे कसलं गोदाम, सांगा, की तुम्ही घरचं खळं झाडलं की ते आपोआप रिकामं होतं? पण खरं सांगतो, तिने सांगेपर्यंत मलाही हेच वाटलं होतं की माल तिकडे गेला. मी फक्त झाडू हातात घेतला नाही, इतकाच फरक.

तसाच मोटारसायकल काढून आमगावला गेलो. चार शब्द सुनावायचे म्हणून जुळवूनही ठेवले होते. साडूभाऊ बंद कॉम्प्युटरसमोर एका कोऱ्या वहीत लिहीत बसले होते. पान अर्धं भरलं होतं.

"वाणांची नावं आठवून राहिली," ते मान वर न करता म्हणाले. "कोणी सांगतलं होतं, ते नाही आठवत. म्हाताऱ्यांची नावं गेली, भाऊ."

मी कॉम्प्युटर चालू केला. मुलीला पुन्हा फोन लावून स्पीकरवर ठेवला. ती म्हणाली, "बाबा, घाबरू नका. तिथं कचरापेटी असते, महिनाभर सांभाळून ठेवते. डाव्या बाजूला पाहा."

"कचरा कोण सांभाळून ठेवते जी?" साडूभाऊ पुटपुटले, पण माऊस त्यांनी स्वतःकडे ओढला. तिने सांगितलं तिथं दाबलं. पुन्हा दाबलं. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मग एकेका म्हाताऱ्याची फाइल परत येऊ लागली. साडूभाऊ प्रत्येक नावाला मान हलवत होते, जसं कोणी दारातून आत यावं. "हे गेले दोन वर्षांमागं... यायले ऐकू येत नव्हतं, लिहून विचारा लागे..." मधेच त्यांचा हात थांबला. एक फाइल उघडून त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

खाली सांगणाऱ्याचं नाव माझ्या गेलेल्या बाबांचं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात धानाची रोवणी केलेला माणूस, त्यांना कोणी काय विचारणार, असंच मी धरून चाललो होतो.

"हे कधी?"

"ते माह्या घरी चार दिवस राहिले होते. तुमचा तेव्हा बियाण्याचा सीझन होता."

नऊ वाणं होती. कोणतं पाण्यात उभं राहते, कोणत्याचा भात सकाळचा संध्याकाळी खाल्ला तरी मऊ राहते, कोणत्याचं तणस बैल गव्हाणीतून आधी ओढते. सगळ्यात शेवटी साडूभाऊंनी बाबांचं बोलणं जसंच्या तसं टिपलं होतं: 'माह्या पोराले हे सांगू नोका गुरुजी. त्याच्या दुकानात यातलं एकही नाही. त्याले वाईट वाटन.'

फोन चालूच होता. "बाबा," मुलगी विचारत होती, "सगळं आलं का? बाबा?"

"थांब," मी म्हणालो. "वाचून राहिलो."