दाराशी बसलेली गिटार

शेजारच्या शिरीषरावांकडे रविवारी दुपारी पंखा बंद असतो. खुर्चीवर डब्याला टेकवून मोबाइल रेकॉर्डिंगसाठी उभा केलेला असतो, तो त्यांची बहीण मेधाताई यांच्यासमोर. शिरीषराव स्वतः गिटार घेऊन पार दाराशी बसतात.

पूर्वी ती खुर्ची गिटारपुढे असे आणि मेधाताई मागे उभ्या राहून गात. त्या दिवसांतलं एकच रेकॉर्डिंग उरलं आहे. पुढे मेधाताईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा घोगरा झाला. रेकॉर्डिंगमध्ये गिटारची तार न् तार स्वच्छ वाजते; गाणं मात्र भिंतीपलीकडून आल्यासारखं येतं. ते मोठं करावं, तर गिटारही मोठी होते. भाच्याने संगणकावर दोन्ही वेगळी करून पाहिली, तेव्हा गाणं पत्र्यासारखं वाजलं.

एकत्र भरलेले आवाज मागाहून नीट सोडवता येत नाहीत. जवळ काय ठेवायचं, हे त्या वेळी कुणी ठरवतही नाही. हाताशी असतं, ते जवळ राहतं.

"दादा, इतक्या लांब? जिन्यातच जाऊन बस ना!" मेधाताई म्हणतात.

"तू गा."

"हा असला आवाज भरायचाय तुला?"

"हाच."

त्या दोन ओळी गातात. तिसरीला आवाज फाटतो आणि त्या थांबतात. शिरीषराव वाजवत राहतात, पण इतकं हळू, की मोबाइलमध्ये बहिणीचा श्वासही स्पष्ट उतरतो.